चुलीवरून गेलेला रस्ता

माझं नाव श्रावन. गाव आंधळगावच्या बाजूले, पन गावाचं नाव नका लिहू, गावात चांगले लोकही राहतात, त्यायची काहून बदनामी करा. डोमाचं नाव लिहा. डोमाचं नाव मोठ्या अक्षरात लिहा. मी दुसरीपर्यंत शिकलो, सही येते, वाचाले बसलो का दिवस जाते. बाप धानाचा शेतकरी, त्याचा बाप धानाचा, अन् मीही जिंदगीभर कंबर वाकवून चिखलात रोवनाच करत राहिलो. माझा बाप अन् डोमाचा बाप सख्खे भाऊ, म्हनून एकाच आवारात दोन घरं. डोमाचं घर रस्त्याच्या अंगाले, माझं घर त्याच्या ओसरीच्या समोर, अन् माझ्या घरामागं सांदवाडी, म्हंजे परस, सांदवाडीच्या पुढं डोमाची खारी, म्हंजे गावाले लागून असलेलं त्याचं वावर. हे नीट ध्यानात ठेवा जी, सगळा झगडा इथंच आहे. समोर डोमा, मधात माझं घर, मागं डोमाचं वावर.

डोमा माझ्यापेक्षा लहान. दिवाळी झाली का आमच्याकडं गावोगावी मंडई म्हंजे जत्रा भरते, रातभर दंडार, आमचं नाचगान्याचं नाटक, चालते, तर या डोमाले मी खांद्यावर बसवून दंडार दाखवाले नेत होतो. एकदा तर माझ्या खांद्यावरच मुतला. मी त्याले मारलं नाही. आता वाटते, माराले पाहिजे होतं.

घर मातीचं, वर कवेलू. बापानं बांधलेलं. पार्बता लगन होऊन आली ते त्याच घरात. पार्बता म्हंजे माझी घरवाली, आता नाही ती. दर दिवाळीले सगळ्या भिती पांढऱ्या मातीनं पोतायची, अन् कोनी तारीफ केली का म्हनायची, भिती गोऱ्या झाल्या, मी कारीच राहिली. घर चांगलं होतं, पन काय सांगू तुमाले, माकडायनं नास केला. टोळी यायची, या टोकाहून त्या टोकाले उड्या मारायची, कवेलू फुटायचे, अन् पावसाळ्यात घरभर गंज अन् बगोने मांडून ठेवा. मागची भीत फुगली होती. आमचा राजू नागपूरले कंपनीत आहे, तो म्हने बाबा, आता स्लॅबचं घर बांधू, मी पाहतो काय लागते ते. पार्बताले स्लॅबचं काही नव्हतं. तिचे गुडघे गेले होते, खाली बसलं का उठता येत नव्हतं, ती म्हने राजू, मले फक्त ओटा पाहिजे, सूनबाईच्या नागपूरच्या खोलीत आहे तसा, उभ्यानं भात मांडता आला पाहिजे. बस. एवढंच मांगतलं तिनं.

आता गावातही घर बांधाचं तर ग्रामपंचायतीची परवानगी लागते. मी गेलो. ग्रामसेवक साहेब म्हने श्रावनजी, जागा तुमच्या नावानं आहे, अडचन नाही, शेजाऱ्याची हरकत नाही असं लिहून आना, मंग मी जागा मोजतो अन् परवानगी देतो. शेजारी कोन, डोमा. मी अन् पार्बता दोघं त्याच्या ओसरीत गेलो. खर्रा खाऊन राहिला होता. मी सांगतलं असं असं आहे. त्यानं खर्रा गालात सरकवला अन् म्हने, दादा, भाऊकीत कागद कायले पाहिजे? तुमी घर पाडा ना, साहेब मोजाले आला का त्याच्यासमोर सही ठोकतो. पार्बता म्हने खरं आहे जी, भावाले कागद मागतात का, त्याले वाईट वाटन. तुमी शहरातले असान तर तुमाले हे मूर्खपना वाटन. पन आमच्याकडं भाऊकीतल्या मानसाले लिहून दे म्हनलं म्हंजे तू चोर आहेस असं तोंडावर म्हनलं. हे कोनी करत नाही. मी नाही केलं, दुसऱ्या कोनी केलं नसतं.

उन्हाळ्यात घर पाडलं. घर पाडाले भाऊकी येते, तसा डोमाही आला. स्वतः वर चढला, कवेलू उतरवले, एकावर एक नीट रचले, फुटू दिले नाही. पार्बतानं वांग्याची भाजी अन् भात केला होता, ह्यानं दोनदा वाढून घेतला, म्हने वहिनी, नव्या घरात असाच खाऊ घाला. ती म्हने घालीन ना जी. आमी सामान उचललं अन् सांदवाडीतल्या बैलाच्या कोठ्यात राहाले गेलो. म्हनलं दोन महिन्याचं काम आहे.

भितीची माती उचलली, जागा सपाट झाली, अन् एक दिवस सकाळी डोमा म्हने दादा, ट्रॅक्टर जरा इथून खारीत नेऊ का, तिकडून शाळेकडून लय फेरा पडते. नवाच ट्रॅक्टर घेतला होता. मी म्हनलं ने. दुसऱ्या दिवशी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशीही विचारलं नाही. मी काही बोललो नाही, घर उभं राहिलं का आपोआप बंद होईन म्हनलं. मंग साहेब फीता घेऊन मोजाले आले, अन् डोमा समोर उभा राहून म्हनते काय, साहेब, इथून माझी वहिवाट आहे, खारीत जायचा रस्ता आहे, पाहा चाकायच्या खुना. मले वाटलं मजाक करून राहिला. मी हासलोच. साहेब नाही हासले. साहेबायनं हरकत लिहून घेतली. म्हने श्रावनजी, आता तुमी आपसात निपटवा, हरकत उठल्याबिगर मले परवानगी देता येत नाही.

आता समजलं का तुमाले? घर उभं होतं तोवर त्याले रस्ता मांगता येत नव्हता. म्हनून त्यानं आधी घर पाडाले लावलं. अन् आपल्याच हातानं कवेलू उतरवले.

मी भांडलो. आईबहीन काढली त्याची, त्याची माय माझी काकूच होती तरी काढली. तो थंड. म्हने दादा, तुमी मागं सरका, सांदवाडीत बांधा. सांदवाडीत पानी साचते, बेंडकं राहतात तिथं, मानूस राहते का? ग्रामसभेत इषय काढला तर सगळे आपल्या पायाकडं पाहत बसले. काहून, तर अर्ध्या गावाच्या धानाच्या बांध्यात चिखल त्याचाच ट्रॅक्टर करते. रोवना तोंडावर, ट्रॅक्टरवाल्याच्या इरोधात कोन बोलन? तहसीलात गेलो, तिथं म्हने तारीख पडन, नाही तर तडजोड करा. राजू सुट्टी काढून आला, डोमाचे पाय धरले पोरानं. डोमा म्हने तू मले लेकासारखा आहे राजू, पन रस्ता तो रस्ता.

पाऊस लागला. कोठ्यात एका अंगाले गाय, एका अंगाले आमी, वर ताडपत्री. पार्बता मजाक करायची, म्हने लगन करून आली तवा तुमची घरवाली होती, आता बैलाची झाली, थोड्या दिवसानं शिंगं फुटतील. मले हासू नाही यायचं. रात्री मंग तीच हळूच म्हनायची, म्याच म्हनलं होतं जी, भावाले कागद मागू नका. मी म्हनो चूप राह्य, तू नाही म्हनलं असतं तर मी म्हनलं असतं. पन तिच्या मनातून ते काही जात नव्हतं.

डोमाले एक पोरगी आहे, मनीषा. बापावर नाही गेली. ती बापाची नजर चुकवून पार्बताले चहा आनून द्यायची, तिचे केस इचरून द्यायची. पार्बता म्हने, त्या घरात हे कसं उगवलं काय मालूम.

आता जे सांगतो ते नीट लिहा. घर पाडलं तरी चुलीची जागा ओळखू येत होती, माती जळून लाल झाली होती ना. डोमाचा ट्रॅक्टर बरोबर त्याच्यावरून जायचा. एक दिवस पार्बता उठली अन् त्या लाल मातीवर जाऊन बसली. पानी पडून राहिलं होतं. डोमा ट्रॅक्टर घेऊन आला, भोंगा वाजवला, ती उठली नाही. तो उतरला. मी कोठ्याच्या दारात उभा होतो, मले सगळं ऐकू आलं. तो म्हने, वहिनी, या वयात नवी चूल कायले पाहिजे? राजू नागपूरले, तुमी दोघंच, तुमचं किती दिवसाचं शिजाचं राहिलं आता? कोनत्याही कोपऱ्यात शिजते.

पार्बता त्याच्याकडं पाहत राहिली. मंग हात टेकून, गुडघ्यावर, कशीबशी उठली. त्यानं हात नाही दिला. ती बाजूले झाली अन् ट्रॅक्टर गेला.

त्या दिवशी ती जेवली नाही. मंग ताप आला. मोहाडीले नेलं, सुई दिली, उतरला. पुन्हा चढला. भंडाऱ्याले नेलं, डॉक्टर म्हने छातीत पानी झालं, कुठं झोपवता यायले? मी काय सांगू, बैलाच्या कोठ्यात? राजू म्हने आई, नागपूरले चाल. ती म्हने नाही, मी गेली तर जागा सुनी होईन, तो अजून पाय पसरन. धान कापनीले आला होता तवा ती गेली. गाईच्या बाजूले गेली माझी पार्बता. घराची लक्ष्मी म्हनतात बाईले, तिले मराले घर नव्हतं.

सगळी भाऊकी जमा झाली. तिरडी बांधली. तर पाहतो काय, डोमा खांद्यावर दुपट्टा टाकून आला अन् तिरडीचा एक दांडा धराले वाकला. मी म्हनलं हात नको लावू. मी म्हनलं, तू जिचं घर खाल्लं तिले खांदा नाही द्यायचा. तो म्हने दादा, लोकं पाहून राहिले. मी म्हनलं, पाहू दे, सगळ्यायनं आयका, हा आजपासून आमच्या भाऊकीत नाही. याले सुतक नाही. यानं दहाव्याले केस द्यायचे नाही, तेरवीले यायचं नाही. जाय, घरी जाऊन जेव, तुले काही लागत नाही.

तुमी म्हनान मयतीत असं बोलते का कोनी. बोललो. भाऊकीत मी सगळ्यात मोठा, मी बोललो म्हंजे बोललो. दहाव्याले सगळ्यायनं डोके भादरले, अन् गावात एकटा डोमा केसाचा फिरून राहिला. पानटपरीवर पोट्टे इचारायचे, काहून काका, तुमची वहिनी नव्हती का? तो मंग टोपी घालाले लागला. मले मालूम झालं का टोपी घालते, त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

तेरवी झाली तसा राजू म्हने बाबा, आता कोनासाठी घर? चला माझ्यासंग, आई तर राहली नाही. मी म्हनलं राजू, मले घर नाही पाहिजे, मले परवानगी पाहिजे. तो म्हने म्हंजे काय? मी म्हनलं तुले नाही समजनार. तो रडत गेला. मी खाट उचलली अन् त्या लाल मातीवर टाकली. सकाळपासून अंधार पडेपर्यंत तिथंच. डोमाचा ट्रॅक्टर यायचा, थांबायचा. मी म्हनो घाल अंगावर. घाल ना. बायको गेली, आता नवरा घे. एक दिवस डोमा पोलीस पाटलाले घेऊन आला, पाटील म्हने तो आपल्या जागेवर खाट टाकून बसला, मी काय करू? मंग डोमा शाळेकडून फेरा मारून जायचा. पन हरकत उठवली नाही. त्याले वाटलं म्हातारा किती दिवस बसन, थंडीत मरन.

मी मेलो नाही.

उन्हाळ्यात मनीषाचं लगन जुळलं. पोरगा दिघोरीकडचा, शिकलेला, घर चांगलं. आता आमच्या भाऊकीत रीत अशी का लगनाच्या मांडवाचा पहिला खांब भाऊकीतल्या सगळ्यात मोठ्या मानसाच्या हातानं गाडतात. तो खांब नाही तर मांडव नाही. अन् पोराच्या मामाच्या कानावर कुठून तरी गेलं का इथं मोठ्या भावानं डोमाले भाऊकीतून काढलं आहे. मी नाही सांगतलं. कोनी इचारलं असतं तर सांगतलं असतं, पन मले इचारलं नाही. मामानं निरोप धाडला, मोठा भाऊ खांब गाडाले येत असन तर वरात आनतो, नाही तर आमाले इचार करा लागन.

तवा डोमा आला. नारळ अन् अक्षता घेऊन, टोपी हातात. माझ्या खाटेसमोर उभा. म्हने दादा, खांब तुमच्या हातानं लागते. मी म्हनलं काहून, खांबाच्या जागी ट्रॅक्टर उभा कर ना, मजबूत राहीन. तो खाली बसला. म्हने जे झालं ते झालं, कागद द्या, आताच सही करतो. मी म्हनलं इथं नाही. मांडवात. सोयऱ्यायसमोर. अन् कायची सही आहे ते तोंडानं सांगाचं. तो म्हने दादा, पोरीच्या लगनात? मी म्हनलं, माझ्या बायकोच्या म्हातारपनात.

खरं सांगू का, माझ्या मनात होतं सही घ्यायची अन् खांब नाही गाडायचा. ऊठून घरी यायचं. कोठ्यात बसून तसंच ठरवलं होतं. मस्त वाटत होतं मनाले.

खांब गाडाच्या दिवशी गेलो. पोराकडचे मामा आले होते, पाहुने होते, ग्रामसेवक साहेबालेही जेवाचं बलावनं होतं, ते खुर्चीत बसले होते. खड्डा खनून तयार, बाजूले जांभळीच्या पानाचा खांब. मी कागद काढला. डोमानं उभं राहून सांगतलं, हळूच. मी म्हनलं आवाज नाही आला. पुन्हा बोलला, श्रावनदादाची जागा आहे ते त्यायचीच आहे, माझा रस्ता तिथून कधी नव्हता, मी हरकत मागं घेतो. अन् मांडीवर कागद ठेवून सही केली. मी दुसरी शिकलो अन् तो मॅट्रिक, पन त्या दिवशी माझी सही त्याच्यापेक्षा बरी आली असती. साहेबाच्या हातात कागद दिला. तेवढ्यात पोराच्या मामानं सहज इचारलं, भोळेपनानं इचारलं, मंग हरकत घेतलीच कायले होती?

डोमा खड्ड्याकडं पाहत राहिला. बायका घराच्या दारात उभ्या होत्या. मी मामाले सांगू शकत होतो. चुलीचं, कोठ्याचं, सगळं. तोंड उघडलंच होतं. तर बायकायच्या मधात मनीषा दिसली. ती माझ्याकडं पाहून नव्हती राहिली, बापाकडं पाहून राहिली होती, अन् तिच्या डोळ्यात जे होतं ते पाहून मी मनात म्हनलं, आता मी काय बोलू, त्याले शिक्षा तर झालीच. मी खांब उचलला, खड्ड्यात उभा केला, माती लोटली, पायानं दाबली. पोरीसाठी दाबली. तिनं पार्बताचे केस इचरले होते.

पन पंगतीले नाही बसलो. डोमा मागं मागं आला, दादा, गोड करून जा. मी त्याच्या घरचं पानीही नाही पेलो. लगनाच्या दिवशीही नाही. हळदीच्या अंगानं मनीषा ताट झाकून स्वतः कोठ्यात आली, अशा टायमात पोरगी मांडव सोडत नाही, तरी आली. म्हने मोठे बाबा, तिथलं नका खाऊ, माझ्या हातचं खा. खाल्लं. तुमी म्हनान अन्न तर डोमाच्याच घरचं. असन. मी पोरीच्या हातचं खाल्लं.

परवानगी आली. साहेबाचा शिक्का, नकाशा, सगळं. घर झालं. स्वयंपाकघरात ओटा आहे, राजूनं काळ्या दगडाचा घातला. दार डोमाच्या ओसरीच्या बरोबर समोर ठेवलं. मिस्त्री म्हने बाबा, बाजूनं ठेवा, हवा येईन. मी म्हनलं मले हवा नाही पाहिजे. दारातून आत पाहलं का समोरच्या भितीवर पार्बताचा फोटो, मोठा करून लावला, हार घालून. डोमा ओसरीत बसला का त्याले तीच दिसते. दार मी दिवसभर उघडं ठेवतो.

लोकं म्हनतात सोडून दे श्रावन, वय झालं. मनीषा सासरहून फोन करते, मोठे बाबा, बाबाले माफ करा. मी म्हनतो माय, तुले सुखात ठेवो, लेकरंबाळं होवो, तू दुसरं काहीही माग.

मागच्या महिन्यात डोमाच्या छातीत दुखलं. गाडीत टाकून भंडाऱ्याले नेलं. गाव म्हने आता तरी जाय पाहाले. नाही गेलो. पन देवापुढं बसलो, उदबत्ती लावली, अन् खोटं नाही सांगत, हात जोडले. म्हनलं देवा, याले नेऊ नको. इतक्या लवकर नेऊ नको. याले वाचव.

वाचला. काल घरी आनला. त्याच्या बायकोनं ओसरीत खुर्ची टाकून बसवला, डॉक्टरनं हवेत बसाले सांगतलं म्हने. चाल-फिर बंद केली आहे, बसल्या जागी मान तेवढी हालवाची. मी उठलो, अंगनात सडा टाकला, दोन्ही पल्ले उघडले अन् दारातून बाजूले झालो. मी बाजूले झालो म्हंजे त्याले नीट दिसलं पाहिजे.

जग बाप्पा. माझंही आयुष्य तुले लागो. जग.